दूधसांडी

त्या उन्हाळ्यात ओढ्याच्या काठालासुद्धा हिरवं पान उरलं नव्हतं. थोरली रोज उन्हं चढायच्या आत विळा आणि दोरी घेऊन निघायची, बांधाबांधाने फिरायची आणि डोक्यावर जेमतेम अर्धा भारा घेऊन परतायची. घरात ती, तिचा नवरा, सासू आणि शाळेत जाणारी लेक. दीर-जाऊ शहरात कामाला होते, म्हणून ही थोरली. घरातलं ते नाव गल्लीनेही उचललेलं. घर चालायचं ते गोठ्यातल्या म्हशींवर. सकाळ-संध्याकाळ दुधाचा कॅन चौकातल्या केंद्रावर जायचा, तिथला मापाडी दूध मोजून घ्यायचा आणि टेम्पो ते शहरात न्यायचा.

एके दिवशी तिला पडक्या विहिरीच्या अंगाला कोवळी ज्वारी दिसली. पाण्यावाचून करपत आलेली, पण पानं अजून हिरवी. तिने हावरटासारखी कापली. कितीतरी दिवसांनी भारा दोन हातांत मावत नव्हता. घरी आल्यावर तिने तो सगळ्यात दुभत्या म्हशीपुढे टाकला, कारण ती म्हैस कोरडा भुसा खाऊन खाऊन डोळे मिटून उभी राहायला लागली होती. म्हशीने मुंडी वर न काढता खाल्लं. थोड्या वेळाने तिचे पाय लटपटायला लागले, तोंडाला फेस आला. नवरा गुरांच्या डॉक्टरकडे पळाला. डॉक्टर येईस्तोवर म्हैस कुशीवर पडून गार झाली होती.

करपलेली कोवळी ज्वारी जनावराला बाधते, हे थोरलीला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ठाऊक होतं. भुकेल्या जनावराच्या तोंडाकडे बघून ती तेवढ्यापुरतं विसरली. घरात तिला कोणी बोललं नाही. नवऱ्याने मुकाट्याने खड्डा खणला. सासूच्या जिभेला अख्खी गल्ली टरकून असायची, पण तीसुद्धा "झालं ते झालं, हात धू आणि जेव" एवढंच म्हणाली. त्या दिवशी कोणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं थोरली पुढे म्हणायची.

आधी झोप गेली, मग भूक गेली. गोठ्यात चारा बारीक कापायचं कुट्टीचं चाक फिरवताना तिला त्याच्या खरखरीतून बोलणं ऐकू यायला लागलं. चाक थांबवलं की बोलणंही थांबायचं. काही दिवसांनी चाक थांबलं तरी ते थांबेना. बादलीत धार पडताना, दोर ओढताना, कोणीतरी तिच्याच आवाजात सांगायचं की तुझ्या हाताला विष लागलंय, तू जे शिवशील ते मरेल. ती राखेने हात घासायची. बोटांच्या पेरांची सालं निघाली. लेकीची वेणी घालायची तिने सोडून दिली, आणि पोरीला वाटलं, आई रागावलीय. धार मात्र नवरा तिच्याकडूनच काढून घ्यायचा, म्हशींना तिच्याच हाताची सवय होती.

एका सकाळी केंद्रासमोर गावाच्या दुधाचे कॅन रांगेने टेम्पोची वाट बघत उभे होते. थोरली आपला कॅन ठेवून परत निघाली, दोन पावलं गेली आणि वळली. तिने पहिल्या कॅनचं झाकण काढलं आणि तो आडवा केला. मग दुसरा. ती घाईत नव्हती. भांडी घासून पालथी घालावीत तसं तिचं चाललं होतं. धुळीतून दूध वाट काढत गटाराकडे निघालं, कुत्री धावून आली, बायका जागच्या जागी खिळल्या. मापाड्याने येऊन तिचे दोन्ही हात धरले, तेव्हा ती त्याला समजावल्यासारखं म्हणाली, "आता कोणी मरणार नाही."

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं दूधसांडी.

गाव चिडलं होतं आणि नवरा शरमेने अर्धा झाला होता. त्याने तिला भुशाच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. वाईट वागवलं असं नाही. तिला जेवण द्यायचा, पाणी द्यायचा आणि दाराला पाठ लावून बसून राहायचा. कोणी सांगितलं, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणालं, म्हैस मारली म्हणून आता नाटक करतेय. तो सगळ्यांना हो म्हणायचा.

सासू एका दुपारी फटीतून आत बघायला गेली. थोरली भुशाची एकेक काडी उचलून चिंधीने पुसत होती आणि पुसलेल्या काड्यांचा वेगळा ढीग लावत होती. सासू बराच वेळ बघत राहिली. मग येऊन मुलासमोर उभी राहिली.

"म्हैस आडवी झाली तेव्हा तू चपला न घालता डॉक्टरकडे पळालास," ती म्हणाली. "हिच्या वेळेला कडी घातलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दुधाच्या टेम्पोतून शहरात गेली. टेम्पोवाल्याने पुढे बसू दिलं नाही. तो म्हणाला, मागे कॅनांजवळ बसा, पण तिचा हात धरून ठेवा. सासूने पूर्ण वाट तो धरून ठेवला.

इस्पितळात डॉक्टरीणबाई होत्या. वयाने थोरलीपेक्षा लहान, आणि बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. त्यांनी थोरलीला विचारलं, आवाज काय म्हणतात. आजवर सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की आवाजबिवाज काही नाहीत. ते काय म्हणतात, हे कोणी विचारलंच नव्हतं. थोरलीने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, की हा आजार आहे, औषधाने आटोक्यात येतो, पण वेळ लागेल आणि गोळी मधेच सोडायची नाही.

वेळ लागला. थोरलीला इस्पितळातच ठेवून घेतलं आणि सासू तिच्याजवळ राहिली. पहिल्या गोळ्यांनी तोंडातून लाळ गळायची आणि जीभ जड व्हायची. हात कापायचे. दिवसभर अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. बाईंनी गोळी बदलली, मग कमी केली, मग पुन्हा थोडी वाढवली. आवाज एकदम गेले नाहीत. लांबच्या रानात कोणी पाण्याचं इंजिन बंद करावं आणि मग कधीतरी आपल्या ध्यानात यावं की अरे, बंद झालं, तसे ते गेले. ते ध्यानात आलं त्या सकाळी ती खाटेवर उठून बसली आणि सासूला म्हणाली, "आई, भूक लागलीय."

सासू उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

थोरली घरी आली तेव्हा पाऊस होऊन गेला होता. बांधांवर गुडघाभर गवत उभं होतं. ती सवयीने गोठ्यात गेली, पण विळा खुंटीवर नव्हता. कुट्टीच्या चाकाला साखळी आणि कुलूप होतं. विहिरीचा दोर आत ठेवलेला होता. दुसऱ्या दिवसापासून ती हातानेच गवत उपटायला लागली. गवताच्या पात्याने तळवे चिरायचे आणि संध्याकाळी धार काढताना चरचरायचे. नवऱ्याला ते दिसत होतं. तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहायचा.

केंद्रावर तिचं दूध मापाडी सगळ्यांत शेवटी घ्यायचा आणि वेगळ्या कॅनमध्ये ओतायचा. त्याने एकदा हळूच सांगितलं, "माझं काही म्हणणं नाही, थोरली. लोक म्हणतात." बायका आपापले कॅन तिच्यापासून हातभर सरकवून घ्यायच्या. काही जणी जास्तच गोड बोलायच्या, लहान मुलाशी बोलावं तसं शब्द तोडून तोडून, आणि तेच तिला जास्त लागायचं. एकदा तिला हसू आलं म्हणून ती हसली, तर सगळ्या जणी गप्प झाल्या आणि तिच्याकडे बघायला लागल्या. त्यानंतर ती हसण्याआधी आजूबाजूला बघायला लागली.

लेक एके दिवशी शाळेतून फाटक्या बाहीने घरी आली. कोणाशी तरी मारामारी झाली होती. आई बाही शिवायला बसली. सुईत दोरा जाईना, तेव्हा लेकीने तो ओवून दिला आणि विचारलं, "आई, तू खरंच वेडी आहेस?"

थोरलीने एक टाका घातला. "मला आजार झाला होता," ती म्हणाली. "त्यात मी वेड्यासारखी वागले. आता गोळी घेते."

"मग मी शाळेत काय सांगू?"

"हेच सांग."

लेकीला ते पटलं नाही. पण बाही शिवून होईपर्यंत ती आईच्या मांडीला टेकून बसली, आणि उठायच्या आधी तिने वेणी सोडून पाठ आईकडे केली.

थोड्याच दिवसांत सासूने वळचणीत खोचलेला विळा काढला, दगडावर पाणी टाकून धार लावली आणि मुलाच्या देखत सुनेच्या हातात दिला. "रान माजलंय," ती म्हणाली. "उपटून कुठे पुरं पडणार?" नवरा जागचा उठला आणि पुन्हा बसला. थोरली गवत कापून भारा घेऊन परत येईपर्यंत तो दारातच होता. ती आल्यावर त्याने भारा उतरवून घेतला आणि कुट्टीच्या चाकाचं कुलूप काढलं.

गोळ्यांनी थोरलीचे हात मात्र अजून कापत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बोटांना काम द्या, शिवा, विणा, नाहीतर लिहा. थोरलीचं अक्षर शाळेत असताना चांगलं होतं. केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर मापाडी दुधाचा भाव, गुरांच्या डॉक्टरची पाळी आणि टेम्पोची वेळ लिहायचा. त्याचं अक्षर असं की लोक फळा वाचून पुन्हा त्यालाच विचारायचे, लिहिलंय काय. थोरलीने त्याला विचारलं, मी लिहू का? तो घुटमळला. मग म्हणाला, लिही, पण लोक यायच्या आत लिहून जात जा.

ती अंधूक उजेडात यायची. खडू दोन्ही हातांनी धरून सावकाश लिहायची, थरथर आली की थांबायची. लोकांना फळा वाचता यायला लागला. कोण लिहितं हे काही दिवस कोणाला कळलंच नाही. एकाने तर मापाड्याला विचारलं, की या वयात अक्षर सुधारायला औषध कुठलं घेतलंस?

एका सकाळी लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. भाव तोच होता, गुरांचा डॉक्टर येणार नव्हता. अर्धा फळा रिकामा राहिला. थोरली निघाली, कॅनपर्यंत गेली आणि परत आली. तिने लिहिलं:

"केंद्रावरचं दूध मी सांडलं. मला तेव्हा वाटत होतं की माझ्या हाताचं विष दुधात उतरलंय आणि ते पिऊन तुमची मुलं मरतील. म्हणून सांडलं. तो आजार होता. इस्पितळात उपचार झाले, गोळ्या चालू आहेत. तुमचं नुकसान झालं, त्याचं मला वाईट वाटतं. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. लांबून बघू नका. थोरली."

नाव लिहिताना तिचा हात कापला नाही, असं तिने नंतर सांगितलं. कापला असला तरी अक्षरावरून कळत नव्हतं.

फळ्यासमोर गर्दी झाली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी इतरांना वाचून दाखवलं. एक म्हातारा "पुन्हा वाच" म्हणाला, आणि पुन्हा वाचलं गेलं. दूध मोजायला उशीर झाला, टेम्पोवाला भोंगा वाजवत राहिला. मापाड्याने फडकं हातात घेतलं होतं, पण पुसलं नाही.

नवऱ्याच्या कानावर ते रानात गेलं. तो घरी आला तो तापूनच. इतके दिवस त्याने खाली मान घालून काढले होते, लोक आता कुठे विसरायला लागले होते, आणि हिने स्वतःच्या हाताने चौकात लिहून ठेवलं. "घरातली गोष्ट आहे ही," तो म्हणाला. "चारचौघांत मांडायची का?"

"चौकातच झाली होती ना?" थोरली म्हणाली. "घरात कुठे झाली?"

सासू कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले. हसतेय हे आधी लेकीच्या लक्षात आलं, मग लेकही हसली. नवरा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला आणि तणतणत गोठ्यात निघून गेला. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी मात्र केंद्रावर कॅन घेऊन तोच गेला, आणि फळ्यासमोर कोणाचा धक्का लागून मजकूर पुसला जाऊ नये अशा बेताने बाजूला उभा राहिला, असं मापाड्याने पुढे सांगितलं.

लोकांनी विचारायला सुरुवात केली. समोरून कोणी विचारलं नाही. नळावर घागर भरताना शेजारची एक जण दुसरीकडेच बघत पुटपुटली, की गोळी जन्मभर घ्यावी लागते का. एका म्हातारीने विचारलं, तिची बहीण लग्नाआधी विहिरीत गेली होती, तीही आजारीच होती का. एका तरण्या बाईने विचारलं, की बाळंतपणानंतर पोराला जवळ घ्यावंसं वाटत नाही, मी वाईट आहे का. थोरलीला सगळ्याची उत्तरं येत नव्हती. ती प्रश्न लक्षात ठेवायची, इस्पितळात गेली की डॉक्टरीणबाईंना विचारायची आणि आल्यावर नाव न घेता फळ्यावर लिहायची. 'कोणीतरी विचारलं,' अशी तिची सुरुवात असायची. गोळीने सुस्ती येते तेव्हा काय करायचं, आजारी माणसाशी कसं बोलायचं, त्याला हसायचं नाही म्हणजे त्याच्यासमोर हसायचंच नाही असं नव्हे, असलं सगळं ती लिहायची. मापाड्याने दुधाचा भाव एका कोपऱ्यात ढकलला. वेगळा कॅन बंद करायचा असं कोणी ठरवलं नाही. एक दिवस तो धुऊन पालथा पडला आणि तसाच राहिला.

मधे एकदा तिचीच झोप बिघडली. दोन-तीन रात्री डोळा लागला नाही आणि बादलीत धार पडताना तिने कान टवकारले. तिने ते सासूला सांगितलं, आणि दोघी त्याच दिवशी शहरात गेल्या. परत आल्यावर तिने फळ्यावर तेही लिहिलं. आजार परत डोकावला होता, वेळेवर गेले, गोळी वाढवलीय, काळजी नको.

मग तिने साखळीबद्दल लिहिलं.

गावाच्या टोकाला लोहाराची भट्टी होती. लोहाराचा धाकटा भाऊ घण मारायचा, आणि त्याच्यासारखा घण पंचक्रोशीत कोणी मारत नाही असं म्हणायचे. काही वर्षांपूर्वी तो बोलेनासा झाला, मग अंगावर जायला लागला, मग दिसेनासा झाला. तो भट्टीमागच्या खोलीत साखळीने बांधलेला आहे, हे गावाला माहीत होतं. कोणी काढत नसे तो विषय. थोरलीने नाव घेतलं नाही. तिने एवढंच लिहिलं, की मला कोंडलं होतं तेव्हा आवाज कमी झाले नाहीत, जास्त झाले, कारण खोलीत दुसरं ऐकायला काहीच नव्हतं. कोणाच्या घरी कोणी बांधलेलं असेल तर त्याला इस्पितळात न्या. मी बरोबर येते.

सकाळ संपायच्या आत लोहाराने येऊन तो मजकूर आपल्या हाताने पुसला. ओल्या फडक्याने नाही, तळहाताने. मापाडी त्याला अडवायला धजावला नाही. तिथून तो थेट थोरलीच्या घरी आला आणि अंगणात उभा राहिला. त्याचा तळवा पांढरा झाला होता. नवरा गोठ्यातून बाहेर आला आणि दोघांच्या मधे येऊन थांबला.

लोहार थोरलीला म्हणाला, "साखळी घालायची हौस होती का मला?"

थोरली म्हणाली, नव्हती.

"त्याने आईवर घण उचलला होता. मी मधे पडलो नसतो तर आई नसती राहिली." त्याने हात पुढे केला. मनगटाच्या वर हाड वाकडं जुळलेलं होतं. "कडी मीच केली. त्याच्या पायाला काचू नये म्हणून आतून घासली. दोन दिवस घासत होतो. आरशासारखी केली. तुझ्या फळ्यावर हे लिहिशील का?"

मग थोरलीच्या नवऱ्याने खाट ओढून पुढे केली आणि म्हणाला, "बसा. मीही कडी घातली होती."

लोहार बसला. बसल्यावर तो एकदम थकलेला दिसायला लागला. सासूने चहा टाकला. त्याने चहा घेतला, पण प्यायला नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, "तो बरा होईल?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली. "माझ्यासारखा होईल असं नाही. पण तुमच्या घासलेल्या कडीने होणार नाही, एवढं कळतं."

"टेम्पोत कसा नेऊ? तो उडी मारेल."

"मी समोर बसेन. मलाही तसंच नेलं होतं."

ते दोन दिवसांनी निघाले. लोहाराने छिन्नी लावून साखळी तोडली. तिच्या कुलपाला गंज चढला होता आणि किल्ली लागत नव्हती. धाकटा भाऊ उभा राहिला तेव्हा त्याचे गुडघे सरळ होईनात. केस खांद्यापर्यंत, नखं वळलेली, आणि ज्या दंडांनी घण उचलले ते दंड थोरलीच्या लेकीच्या दंडाएवढे. त्याला दोघांनी धरून टेम्पोत चढवलं. थोरली त्याच्या समोर बसली. तो स्वतःशीच सारखं बोलत होता. तिने विचारलं, आवाज काय म्हणतात? तो थांबला. तिच्याकडे बघितलं. मग त्याने सांगायला सुरुवात केली. ती शहर येईपर्यंत ऐकत राहिली.

तो बरा झाला, पण पूर्वीचा झाला नाही. घण त्याला पुन्हा पेलला नाही. काही महिन्यांनी तो भट्टीवर भाता ओढायला बसायला लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा प्यायलात का, असं विचारायला लागला. एकाच माणसाला दिवसातून कितीदाही. लोहार गिऱ्हाईकांना सांगायचा, दर वेळेला हो म्हणा.

त्यानंतर आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं थोरलीकडे यायला लागली आणि अडचण दुसरीकडेच निघाली. इस्पितळ लांब होतं. रोजंदारीवरच्या माणसाला दर महिन्याला दिवस मोडून जाणं जमत नव्हतं. गोळ्या संपल्या की माणूस पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा, आणि घरचे म्हणायचे, बघा, औषधाचा काही उपयोग नाही. फळा आता पुरेना. थोरलीने या सगळ्याबद्दल सविस्तर लिहिलं आणि वर्तमानपत्राकडे पाठवलं. पहिलं गेलं तसं परत आलं. दुसरं त्यांनी अर्धं कापून छापलं, आणि वर मथळा दिला 'वेडातून परतलेली'. तिने त्यांना पुन्हा लिहून पाठवलं, की मी वेडातून परतले नाही, इस्पितळातून परतले, आणि तिथपर्यंत दर महिन्याला जाणं लोकांना जमत नाही, बातमी ती आहे. ते त्यांनी जसंच्या तसं छापलं. मग ती दर पंधरवड्याला लिहायला लागली. धार काढून झाली, शेण भरून झालं की उंबऱ्यावर पाट टाकून बसायची. लिहिलेलं आधी सासूला वाचून दाखवायची. सासूला जिथे जांभई येई, तिथे ती खोडायची.

वर्ष उलटल्यावर आरोग्य खात्याचा निरोप आला, की महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई गावात येतील आणि गोळ्या इथेच देतील. जागा गावाने द्यावी. मापाड्याने केंद्रामागची खोली झाडून दिली. दाराबाहेर एक बाक ठेवला.

पहिल्या दिवशी बाई आल्या, टेबलामागे बसल्या आणि बसूनच राहिल्या. चौकात माणसं भरपूर होती. कोणी दुकानाच्या पायरीवर, कोणी झाडाखाली, कोणी उगाच कॅन विसळत. बाकावर कोणी बसेना. आधी कोण बसतंय हेच सगळे बघत होते. तिथे जो बसेल त्याला गाव नाव ठेवणार होतं. लोहाराचा भाऊ बसला, पण तो बसला म्हणून कोणाचं भागणार नव्हतं. तो पुन्हा पुन्हा उठून लोकांना चहाचं विचारत होता. थोरली फळ्याजवळ उभी होती. बाळंतपणाचं विचारलं होतं ती तरणी बाई पोराला कडेवर घेऊन कोपऱ्यावर आली आणि तिथूनच मागे फिरली.

तेवढ्यात थोरलीचा नवरा आला. गोठ्यातून सरळ आला असावा, विजारीचे पाय ओले होते. थोरलीला वाटलं, म्हशीला काही झालं म्हणून बोलवायला आलाय. तो तिच्याजवळून गेला, चौकाकडे तोंड करून बाकावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. दुकानाच्या पायरीवरून कोणीतरी म्हणालं, बायकोच्या गोळ्या न्यायला आलाय वाटतं.

"माझ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चौकात सगळीकडे पोचला. "मला झोप येत नाही."

बाईंनी त्याला आत बोलावलं. दार लोटलं गेलं. तो आत बराच वेळ होता. तेवढ्यात बहिणीचं विचारणारी म्हातारी काठी टेकत बाकावर येऊन बसली आणि बसताना कोणाकडे बघितलं नाही. मग पलीकडच्या वस्तीवरचे दोघे बाप-लेक आले. मग पोराला कडेवर घेतलेली तरणी बाई आली. तिला बसायला जागा करून देताना म्हातारी सरकली.

नवरा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. हातात गोळ्यांची पुडी होती. थोरली त्याच्याबरोबर घराच्या वाटेला लागली.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"विचारलं, कधीपासून झोप नाही. म्हटलं, दाराला पाठ लावून बसायचो तेव्हापासून." तो चार पावलं चालला. "मग विचारलं, त्यानंतर कधी रडलात का."

"मग?"

"म्हटलं, म्हशी होत्या, पोर होती, तू होतीस. वेळ कुठे होता."

ती त्याच्याकडे बघत होती. तो समोर बघत होता.

घरी आल्यावर त्याने पुडी कोनाड्यात ठेवली, गोळी रात्रीची आहे असं सांगितलं आणि ओसरीवरच्या खाटेवर जरा पाठ टेकतो म्हणाला. टेकली ती टेकलीच. ऊन कललं, ओसरीवर सावली आली, तरी तो उठला नाही. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळत, अशी गाढ झोप त्याला लागली होती. लेक शाळेतून आली आणि आरडाओरडा करणार तोच आजीने तोंडावर बोट ठेवलं. दारावरून कोणी हाक मारली, तर ती उठून बाहेर जाऊन हळू आवाजात बोलून आली.

धारेची वेळ झाली. म्हशी हंबरायला लागल्या तशी थोरली बादली घेऊन गोठ्यात गेली. रिकाम्या बादलीत पहिली धार वाजते, म्हणून तिने आधी तळाशी ओंजळभर पाणी घातलं. मग तिला आठवलं, दुधात पाणी चालत नाही. तिने ते ओतून टाकलं, बादली पदराने कोरडी केली, बैठक मारली आणि पहिल्या चार धारा बादलीच्या काठाला तिरक्या लावून हलकेच सोडल्या.